पिल्सनरची पारख : बाटली विकत घेण्यापासून गुण मांडण्यापर्यंत

चार-पाच जणांनी एकत्र बसायचे, निरनिराळ्या कारखान्यांच्या पिल्सनर बिअर शेजारी शेजारी मांडायच्या, एकेक घोट घ्यायचा आणि पंधरा मिनिटांत निकाल लावून मोकळे व्हायचे, अशा बैठकी आता तालुक्याच्या गावीही होऊ लागल्या आहेत. त्यांतील बहुतेक निकाल चुकीचे असतात, कारण बिअर ओठांपर्यंत येण्याआधीच तिचे बरेच काही बिघडलेले असते. गाडीच्या टपावर उन्हात तापलेली पेटी, बोअरच्या पाण्यात विसळलेला ग्लास आणि तोंडात रेंगाळणारी तंबाखूच्या खर्ऱ्याची चव यांचे गुण आपण कारखान्याच्या नावावर लिहून टाकतो. पिल्सनरच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. या सोनेरी, कडवट बिअरच्या अस्सल रूपात फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (कडूपणा व गंध देणारी वेलीवरची फुले), पाणी आणि यीस्ट (आंबवणारे किण्व) यांखेरीज काही नसते, भाजलेल्या धान्याचा करपटपणा किंवा फळांचा वास तिच्यात नसतो, त्यामुळे बारीकसारीक दोषही झाकला जात नाही. म्हणून या लेखात चाखण्यापेक्षा तयारीला अधिक जागा दिली आहे.

सावधान : महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा तेथे अशी बैठक करता येत नाही. नागपुरात खरेदी करून अमरावती-अकोल्याकडे निघणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, तो महामार्ग वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) आणि तळेगाव यांवरून जातो. पश्चिम विदर्भातील वाचकांनी खरेदी अमरावतीत किंवा अकोल्यातच करावी.

टप्पा १ : कोणत्या बिअर एका पंगतीत बसवायच्या

लेबलवर ‘पिल्सनर’ छापले म्हणजे आतली बिअर त्या घराण्याची असतेच असे नाही. लेबलवरील दोन गोष्टी वाचाव्यात : अल्कोहोलचे प्रमाण आणि घटक. अस्सल पिल्सनर साधारण साडेचार ते पाच टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर ५ टक्क्यांच्या पुढे ८ टक्क्यांपर्यंत जाते, आणि ती या पंगतीत बसवली की पहिल्या घोटानंतर बाकीच्या सगळ्या पाणचट वाटू लागतात. घटकांमध्ये तांदूळ, मका किंवा साखर असेल तर ती बिअर वाईट ठरत नाही, परंतु तिची तुलना तिच्यासारख्यांशीच करावी.

अस्सल पिल्सनरमध्येही दोन वळणे आहेत. चेक पद्धतीची बिअर अंगाने भरलेली असते, तिच्यात पावाच्या कडेसारखा माल्टचा वास येतो, साझ जातीच्या हॉप्सचा फुलांसारखा व किंचित मसालेदार गंध येतो, आणि कडूपणा ठळक असला तरी गोलसर असतो. जर्मन पद्धतीची बिअर अंगाने हलकी, कोरडी आणि अधिक बुडबुड्यांची असते, व तिचा कडूपणा शेवटी जिभेवर रेषेसारखा उरतो. कडूपणाच्या आयबीयू या मापात पहिलीची मर्यादा साधारण ३० ते ४५ आणि दुसरीची २२ ते ४० अशी धरतात. चेक पिल्सनर उर्केल आणि जर्मन बिटबुर्गर यांना एकाच मापाने मोजून एकीला ‘जड’ आणि दुसरीला ‘पातळ’ म्हणणे, म्हणजे पुरणपोळीला खुसखुशीत नाही म्हणून नापास करण्यासारखे आहे. शक्य तर एका बैठकीत एकच वळण घ्यावे. ते जमत नसेल तर दोन गट करावेत आणि गुणही वेगळे मांडावेत.

एका बैठकीत पाच नमुने पुरेत, सहाव्यानंतर जीभ थकते.

टप्पा २ : खरेदी आणि वाहतूक

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका याच टप्प्यावर होतात. बिअरचे तीन शत्रू आहेत : उजेड, उष्णता आणि वेळ. हॉप्समधील कडू घटक उजेडाने फुटतात आणि त्यातून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फार थोडा अडवते आणि पांढरी जवळजवळ काहीच अडवत नाही. कॅनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. हमरस्त्यावरील एका दुकानातून मी एकदा दर्शनी काचेत ओळीने मांडलेल्या हिरव्या बाटल्या आणल्या होत्या आणि त्या कारखान्याला सर्वांत कमी गुण दिले होते. काही महिन्यांनी त्याच बिअरचा कॅन चाखला, तेव्हा ती त्या दिवशीच्या पाचांतील उत्तम बिअर निघाली.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. प्रथम दुकानदाराकडे मांडणीवरची बाटली न मागता बंद खोक्यातील मागावी. मग निर्मितीची तारीख आणि बॅच क्रमांक वाचावा. सर्व नमुने तीन महिन्यांच्या आतले असावेत आणि त्यांच्या तारखांमध्ये महिना-दीड महिन्याहून अधिक अंतर नसावे. चार आठवड्यांची एक आणि पाच महिन्यांची दुसरी अशी जोडी लावली तर तुलना वयाची होते, बिअरची होत नाही. त्यानंतर सर्व नमुने एकाच प्रकारच्या वेष्टनात मिळतात का ते पाहावे. एक कॅन, एक ६५० मिलिलिटरची बाटली आणि एक पाइंट (३३० मिलिलिटरची लहान बाटली) अशी सरमिसळ टाळता आली तर उत्तम. प्रत्येक बिअरच्या दोन बाटल्या घ्याव्यात. दुसरी कशासाठी, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिक्कीतले तापमान बाहेरच्या ४४-४५ अंशांच्याही पुढे जाते. अशा डिक्कीत दोन तास राहिलेली बिअर ‘ताजी’ राहत नाही, मग तारीख काहीही असो. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या घालून, वर ओले पोते टाकून आणि शक्यतो सूर्य मावळल्यावर वाहतूक करावी. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांना निवड करता येते त्यांनी ही बैठक दिवाळी ते महाशिवरात्र या काळातच ठेवावी.

तपासणी : घरी आल्यावर बाटली हाताला कोमट लागत असेल तर तो नमुना बाद करावा. थंड केल्याने गेलेली चव परत येत नाही.

टप्पा ३ : ग्लास आणि पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते. त्या पाण्यात विसळून वाळवलेल्या ग्लासात क्षारांचा पातळ थर राहतो. मिठामुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो, आणि पिल्सनरची सगळी भिस्त तर कडूपणावरच असते. उरलेली चिकटाई तेलाची असते. भांडी घासण्याच्या वडीचा वास, फोडणीच्या तेलाचा हात, मिशीला लावलेले तेल, यांतले थोडेसेही फेस मारायला पुरते.

आमच्या एका बैठकीत एकच बिअर दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवली होती आणि मी तिला ५० पैकी एकदा १९ व एकदा ३३ गुण दिले. क्रमांकांची यादी उघडल्यावर बिअर वाढून देणारा भाचा म्हणाला, ‘‘मामाजी, दोन्ही एकाच बाटलीतल्या आहेत.’’ शोध घेतल्यावर कळले की, तीन ग्लास कमी पडले म्हणून ते ऐनवेळी अंगणातील टाकीच्या पाण्याने धुतले होते.

धुण्याची रीत अशी आहे. ग्लासावर क्षारांचे पांढरे डाग असतील तर आधी लिंबाच्या रसाने ते काढावेत. नंतर खाण्याच्या सोड्याने आणि स्वच्छ, केवळ याच कामासाठी ठेवलेल्या स्पंजने आतून घासावे. दोनदा साध्या पाण्याने आणि शेवटी आरओच्या जारमधील पाण्याने विसळावे. फडक्याने पुसू नये, कारण फडक्याचे तंतू आणि वास दोन्ही आत राहतात. जाळीवर पालथे घालून हवेवर वाळवावे. ग्लास सर्वांचे एकाच आकाराचे, पातळ काचेचे आणि नितळ असावेत. स्टीलचे पेले चालणार नाहीत.

तपासणी : ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरावे. मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ आहे. जेथे चिकटत नाही तेथे तेल आहे. तपासणीनंतर ग्लास पुन्हा जारच्या पाण्याने विसळण्यास विसरू नये.

टप्पा ४ : तोंड, नाक आणि खोली

पारख करणाऱ्याने किमान दोन तास आधीपासून खर्रा, तंबाखू, विडी, चहा आणि कांदा-लसूण टाळावे. आदल्या रात्री सावजी रस्सा झाला असेल तर बैठक एक दिवस पुढे ढकलणे शहाणपणाचे. अत्तर, वासाचे तेल आणि उदबत्ती या खोलीत नकोत. मोहफुले वाळत घातलेले अंगण शेजारी असेल तर खिडकी बंद ठेवावी, कारण त्या गोड उग्र वासापुढे हॉप्सचा नाजूक गंध टिकत नाही. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची उत्तम. तेव्हा पोट अगदी रिकामे नसते, जेवणाचे जडपणही नसते आणि स्वयंपाकघरात फोडणी पडायची असते.

चखणा पूर्णपणे वर्ज्य करावा. खारे शेंगदाणे खाऊन चाखलेली कडवट पिल्सनरही सौम्य वाटते. कारण मघाचेच, मीठ. दोन नमुन्यांच्या मध्ये ज्वारीच्या गार भाकरीचा, मीठ न घातलेला, लहान तुकडा आणि जारचे साधे, बर्फाविना पाणी पुरे.

टप्पा ५ : तापमान

उन्हाळ्याच्या सवयीने आपण बिअर गोठण्याच्या बेतापर्यंत थंड करतो. तशी ती घशाला सुखावते, परंतु जीभ बधिर होते आणि गंध वर येत नाही. दोषही लपतात आणि गुणही लपतात. पारखीसाठी ग्लासातील बिअर ७ ते ९ अंश सेल्सियस असावी. येथे ‘ग्लासातील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा २०० ग्रॅम वजनाचा ग्लास मेमधील खोलीत ४० अंशांवर आहे आणि त्यात ५ अंशांची १०० मिलिलिटर बिअर ओतली, तर काचेची उष्णता बिअरमध्ये उतरून ती हिशेबाने १४ अंशांच्या पुढे जाते. तोच ग्लास १५ अंशांवर असेल तर बिअर ८ अंशांच्या आत राहते. म्हणून ओतण्यापूर्वी ग्लास बर्फ घातलेल्या जारच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून, झटकून घ्यावेत. ग्लास बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत मात्र चुकीची आहे, कारण आत जमलेले हिम बिअरमध्ये विरघळते आणि फेस वेडावाकडा उसळतो.

बाटल्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात. गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने सर्व नमुने एकाच कप्प्यात, मागच्या भिंतीपासून सारख्या अंतरावर असावेत, म्हणजे वीज गेली तरी सर्वांचे तापमान बरोबरीने वाढेल. भारनियमन लांबले तर सर्व बाटल्या एकाच खोक्यात बर्फ-पाण्यात घालाव्यात. एक फ्रिजमध्ये आणि एक बर्फात असे करू नये.

तपासणी : स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर पहिल्या आणि शेवटच्या ग्लासात घालून पाहावा. दोन अंशांहून अधिक फरक असेल तर वाढप थांबवावी.

टप्पा ६ : झाकून वाढणे

नाव कळले की निम्मा निकाल लागलेला असतो, आणि किंमत कळली की उरलेला. म्हणून वाढणारा मनुष्य चाखणाऱ्यांपैकी नसावा. आमच्याकडे हे काम दारूला न शिवणाऱ्या भाच्याकडे आहे आणि त्याच्याइतका निष्ठुर वाढपी मला दुसरा सापडलेला नाही. त्याने दुसऱ्या खोलीत बाटल्या उघडाव्यात, प्रत्येक बिअरला ४१७, ८६२ असा कोणताही तीन आकडी क्रमांक द्यावा आणि यादी खिशात ठेवावी. १, २, ३ किंवा अ, ब, क असे क्रमांक नकोत, कारण ‘एक नंबर’ हे शब्दच मनात गुण वाढवतात.

ओतताना ग्लास आधी तिरका आणि शेवटी सरळ धरून दोन बोटे फेस आणावा, आणि सर्व ग्लासांत तो सारखा असावा. प्रत्येकाला ५० ते ६० मिलिलिटर बिअर पुरे. ३३० मिलिलिटरच्या पाइंटमध्ये पाच जणांचे भागते, मात्र त्यातून दुसरा घोट मागायचा नाही.

क्रमाबद्दल एक नेहमीची चूक अशी की, सर्वांना एकाच क्रमाने ग्लास दिले जातात. कडवट बिअरनंतर येणारी बिअर गोड भासते, त्यामुळे तिसऱ्या ग्लासाचे नशीब दुसऱ्यावर ठरते. प्रत्येकाला वेगळा क्रम द्यावा. शिवाय एक बिअर गुपचूप दोन क्रमांकांनी द्यावी. ज्याच्या गुणांत त्या दोहोंमध्ये पाचांहून अधिक फरक पडेल, त्याची गुणपत्रिका त्या दिवशी मोजू नये, मग तो यजमान असला तरी.

टप्पा ७ : नाक, डोळा, जीभ

प्रथम नाक. फेस असतानाच दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत, ग्लास हलकेच फिरवून पुन्हा हुंगावे आणि लगेच लिहावे. गंध पहिल्या मिनिटातच उडू लागतो. रंग पाहत बसल्यास तो हातचा जातो. मग डोळा : फिकट पिवळ्यापासून गडद सोनेरीपर्यंत रंग चालतो आणि बिअर निवळ असावी, लेबलवर गाळलेली नाही असे सांगितलेले असेल तरच धूसरपणा माफ. येथे अधिक वेळ घालवू नये.

नंतर घोट. तो सगळ्या जिभेवर फिरवावा, गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. माल्टचा खरा वास या उच्छ्वासात सापडतो. आता दहा सेकंद काही बोलू नये. पिल्सनरचा कडूपणा उशिरा येतो आणि उशिरा जातो, तो किती वेळ राहिला आणि जाताना जीभ स्वच्छ ठेवून गेला की तुरट केली, यावर मोठा निर्णय अवलंबून असतो. सर्वांचे लिहून होईपर्यंत खोलीत शब्द उच्चारला जाऊ नये. एकाने ‘वा’ म्हटले की पाचही कागद सारखे होतात.

टप्पा ८ : दोष कोणाचा, ते ठरवणे

दोष ओळखायचे तर त्यांचे वास आधी नाकाच्या ओळखीचे करून घ्यावे लागतात, आणि ते घरीच करता येते. उकडलेल्या मक्याच्या कणसांचे पाणी एका बरणीत ठेवावे. दुसरीत कोमट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा झाकून ठेवावा. ताजे लोणी आणि चिरलेले कच्चे सफरचंद यांच्या दोन वाट्या कराव्यात. उजेडाच्या दोषासाठी कोणतीही हिरव्या बाटलीतील बिअर दोन ग्लासांत घ्यावी, एक कपाटात आणि एक पंधरा-वीस मिनिटे उन्हात ठेवावा. विदर्भात निदान या प्रयोगाला साहित्य कमी पडत नाही.

मक्याचा वास फिकट माल्टमधून येतो आणि पुरेशा जोरदार उकळीने उडून जायला हवा असतो; तो राहिला तर जबाबदारी कारखान्याची. लोण्याचा वास यीस्टला आपले काम पुरते करू दिले नाही म्हणून उरतो. जर्मन वळणात तो दोष आहे, चेक वळणात अगदी पुसट असेल तर चालतो. कच्च्या सफरचंदाचा वास बिअर मुरण्याआधीच बाटलीत भरल्याची खूण आहे. हे तिन्ही दोष कारखान्याच्या खात्यावर लिहावेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बहुधा जुनेपणाचा व उष्णतेचा असतो, आणि जळक्या रबरासारखा उग्र दर्प उजेडाचा असतो. हे दोन वास आले की आधी दुकान, डिक्की आणि फ्रिज यांच्याकडे पाहावे. गंधकाचा पुसटसा वास काही जर्मन पिल्सनरमध्ये सुरुवातीला येतो आणि दोन मिनिटांत उडून जातो. तेवढा वेळ द्यावा.

सावधान : फेस लवकर बसला म्हणून गुण कापण्यापूर्वी तोच नमुना दुसऱ्या ग्लासात ओतून पाहावा. फेस तेथे टिकला तर दोष ग्लासाचा होता.

टप्पा ९ : गुण मांडणे

बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक संस्थेची ५० गुणांची पद्धत सोयीची आहे : गंध १२, रूप ३, चव २०, तोंडातील जाणीव ५ आणि एकूण परिणाम १०. रूपाला फक्त ३ गुण आहेत, हे सोनेरी रंगावर भाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ३८ आणि त्यापुढची बिअर उत्कृष्ट समजतात, ३० ते ३७ खूप चांगली म्हणावी अशी, आणि २१ च्या खाली काहीतरी निश्चित बिघडलेले असते. प्रत्येक कापलेल्या गुणापुढे कारण लिहावे. ‘मजा आली नाही’ हे कारण धरू नये.

आवड आणि पारख यांची गल्लत येथेच होते. मला स्वतःला चेक वळण अधिक रुचते, तरीही कोरडी, खणखणीत जर्मन पिल्सनर आपल्या वळणात चोख असेल तर तिला ४० गुण देणे भाग आहे. स्वतःची आवड लिहायची असेल तर कागदाच्या मागच्या बाजूस लिहावी.

टप्पा १० : फेरतपासणी

क्रमांक उघडल्यावर दोन बिअर गुणांत अगदी जवळ असतील, तर त्यांतला फरक खरोखर जाणवतो का हे तीन ग्लासांनी पाहावे. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून एका यशावर विसंबू नये. सहा वेळा ही परीक्षा घेतली आणि चार वेळा बरोबर आले तरी ते नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. पाच वेळा आले तर ती २ टक्क्यांच्या आत येते. सहापैकी पाच ही अट ठेवावी. प्रत्येक वेळी एकेक लहान घोट घ्यावा आणि सहा परीक्षा एकाच दिवशी उरकू नयेत. बैठकीनंतर मोटारसायकलला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

ज्या बिअरला २१ हून कमी गुण पडले असतील, तिची राखून ठेवलेली दुसरी बाटली आठवड्याभरात, पुन्हा झाकून, दुसऱ्या दोन नमुन्यांत मिसळून चाखावी. दोष पुन्हा दिसला तर तिसरी बाटली वेगळ्या दुकानातून, वेगळ्या बॅचची आणावी. तिसऱ्या बाटलीतही तोच दोष सापडला, तरच वहीत कारखान्याच्या नावापुढे तो शाईने लिहावा. तोवर नोंद पेन्सिलीत राहू द्यावी.